भित्र्या पिल्लाचा सांभाळ : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली, की आपल्या शहरांतील गल्लीबोळांत, बांधकामाच्या वाळूच्या ढिगांवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांखाली आणि गृहसंस्थांच्या वाहनतळांत कुत्र्यांची नवी पिल्ले दिसू लागतात, आणि संक्रांत उलटून चार-दोन महिने जातात न जातात तोच त्यांतील बहुतेक दिसेनाशी झालेली असतात. या दिसेनासे होण्याची पद्धतशीर मोजदाद कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, पाहणीतील ९५ विणींच्या ३६४ पिल्लांपैकी शेकडा १९ पिल्लेच वयात येण्याच्या सुमारापर्यंत, म्हणजे सात महिन्यांपर्यंत, जगली. आणि झालेल्या मृत्यूंपैकी शेकडा ६३ मृत्यूंना माणूसच या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. हे आकडे लक्षात घेता, असे एखादे पिल्लू कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे स्वतःच्या घरी ठेवून घेणारा मनुष्य, ज्याला प्राणिमित्रांच्या वर्तुळात आता सर्रास ‘फॉस्टर’ म्हणतात, केवढ्या मोलाचे काम करीत असतो हे निराळे सांगावयास नको. परंतु पिल्लू घरात आले, की त्याच्या मागोमाग शेजारीपाजारी, आप्तेष्ट आणि वाटेने जाणारे येणारे यांच्या सल्ल्यांची रीघ लागते, आणि त्या सल्ल्यांपैकी पुष्कळसे सद्हेतूने दिलेले असले तरी चुकीच्या समजुतींवर उभे असतात. धीट पिल्लू त्यांतूनही निभावून जाते; भित्रे पिल्लू मात्र अशा समजुतींची किंमत पुढे आयुष्यभर मोजते, म्हणून त्यांचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

पहिली समजूत पिल्लू उचलण्यापूर्वीचीच आहे. आई दिसत नाही, त्या अर्थी पिल्ले बेवारस आहेत, असे गृहीत धरून डोळे जेमतेम उघडलेली पिल्ले पिशवीत घालून नेणारी दयाळू माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. वास्तविक व्यालेली कुत्री अन्नाच्या शोधात तास-दोन तास दूर राहते. अंगाने उबदार, पोट भरलेली आणि एकमेकांना बिलगून शांत झोपलेली पिल्ले टाकून दिलेली नसतात, त्यांची आई परतणार असते. तेव्हा लांब उभे राहून काही तास वाट पाहावी, आणि शक्य असेल तर पिल्लांना उचलण्याऐवजी त्या आईलाच अन्नपाणी आणि आडोसा मिळेल अशी तजवीज करावी. आई मेलेली असेल, पिल्लू गारठलेले असेल, जखमेत अळ्या पडल्या असतील, तर अर्थातच क्षणाचाही विलंब नको. एरवी आई आणि भावंडे यांच्या सहवासात पहिले आठ आठवडे काढणे हा पिल्लाचा हक्क मानला पाहिजे. कारण चावण्याचा जोर किती असावा, खेळ कोठे थांबवावा, दुसऱ्याची नाखुशी कशी ओळखावी, हे धडे भावंडांच्या झोंबाझोंबीतूनच मिळतात. इटलीतील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले आहे, की तीस ते चाळीस दिवसांची असताना वेगळी केलेली पिल्ले दोन महिन्यांनंतर वेगळ्या केलेल्या पिल्लांपेक्षा पुढे अधिक भित्री, अधिक भुंकणारी आणि आवाजांना अधिक बिचकणारी निघाली.

दुसरी समजूत करुणेतूनच जन्मते. कोपऱ्यात अंग चोरून बसलेले पिल्लू पाहिले, की पाहणारा हळहळून म्हणतो, “याला कोणीतरी फार मारलेलं दिसतंय.” कधी ते खरेही असते. परंतु बहुसंख्य भित्र्या पिल्लांना कोणी मारलेले नसते. त्यांना माणसाळण्याच्या विवक्षित वयात कोणी प्रेमाने हाताळलेलेही नसते, आणि एवढी उणीव भीती उत्पन्न होण्यास पुरेशी असते. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा काल साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा दाखविला आहे. त्याच प्रयोगशाळेतील फ्रीडमन, किंग आणि एलियट यांचा १९६१ सालचा प्रयोग याहून बोलका आहे. कुंपण घातलेल्या मैदानात माणसाच्या संपर्कावाचून वाढणाऱ्या पिल्लांपैकी काहींना निरनिराळ्या वयांत एकेका आठवड्यापुरते माणसांत आणण्यात आले, आणि काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत आणलेच नाही. ज्यांना योग्य वयात तो एक आठवडा मिळाला ती माणसाळली. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्ले पुढे कितीही प्रयत्न केले तरी वन्य पशूप्रमाणे बुजरी राहिली. या जोडीला आनुवंशिक स्वभाव असतो, आणि गाभण असताना आईने सोसलेली दगदगही असते. तात्पर्य, पिल्लाच्या भीतीचा इतिहास शोधीत बसण्यात अर्थ थोडा आहे. “मोठं झालं की आपोआप धीट होईल” हा दिलासाही फसवाच आहे, कारण सरणारा प्रत्येक आठवडा त्या नैसर्गिक मुदतीतून वजा होत असतो आणि फॉस्टरच्या हाती नेमके तेच आठवडे आलेले असतात.

मुदत थोडी आहे म्हणून घाई करावी, असा मात्र याचा अर्थ नव्हे, आणि येथेच सर्वांत घातक समजूत आडवी येते. “सगळ्यांच्या मांडीवर द्या, बाजारातून फिरवून आणा, दोन दिवसांत भीती मोडेल,” असे ठामपणे सांगणारे लोक भेटतात. आणि त्यांचे म्हणणे वरवर खरे ठरल्यासारखेही दिसते, कारण या हातांतून त्या हातांत फिरविलेले पिल्लू थोड्या वेळाने धडपड थांबवून अगदी निपचित होते. “बघा, कसं शहाण्यासारखं बसलंय,” असे मग कौतुकाने म्हटले जाते. परंतु ते शहाणपण नसते. पळण्याचे सर्व मार्ग खुंटले असता प्राण्याचे शरीर गोठते, आणि ही गोठलेली अवस्था व स्वस्थता यांतील भेद जाणणे हे फॉस्टरचे पहिले कौशल्य होय. पिल्लाचे डोळे पाहावेत, पांढरा भाग कडेने दिसतो आहे काय. कान मागे चिकटले आहेत काय. शेपटी पोटाखाली गेली आहे काय. समोर काही खाण्यास नसताना ते वारंवार ओठ चाटते आहे काय. झोप आलेली नसताना जांभया देते आहे काय. आणि एरवी ज्या घासावर तुटून पडते तो घास नाकासमोर धरूनही तोंड फिरविते आहे काय. शेपटी हलते म्हणजे आनंदच, हीही अपुरी समजूत आहे. इटलीतील संशोधकांनी २००७ साली नोंदविले, की मालकाला पाहून कुत्र्याची शेपटी उजवीकडे अधिक झुकते, तर दांडग्या अनोळखी कुत्र्याला पाहून डावीकडे.

मग भीती जाते कशी, या प्रश्नाचे उत्तर कुत्र्यांच्या नव्हे, तर एका लहान मुलाच्या उदाहरणातून मिळाले आहे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी पीटरला आवडीचा खाऊ खात बसविले, आणि पिंजऱ्यातील ससा प्रथम त्याला त्रास होणार नाही इतक्या दूर ठेवून, पुढील बैठकींत क्रमाक्रमाने जवळ आणला. अखेर ते बालक सशाला आपण होऊन कुरवाळू लागले. भयाची वस्तू सुसह्य अंतरावर असावी आणि तिच्या जोडीने काही सुखद यावे, या दोन अटींवरच आजचे सर्व चांगले प्रशिक्षण उभे आहे. पिल्लाच्या बाबतीत भयाची वस्तू आपण स्वतःच असतो. म्हणून अंतर किती असावे हे पिल्लाने ठरवावे, आणि जवळ येणे त्याच्या फायद्याचे होईल एवढाच बंदोबस्त आपण करावा.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका पिल्लाच्या वर्णनाने स्पष्ट होईल. आमच्याकडे सांभाळासाठी आलेली चिंगी नावाची काळ्या तोंडाची तांबूस पिल्ली दिवाण आणि भिंत यांमधील फटीत जाऊन बसे, आणि कोणी उभा राहिला तरी तिचे अंग कापत असे. तिला ओढून बाहेर काढावयाचे नाही, असा दंडक घरातील लहानथोर सर्वांनी पाळला. मी जमिनीवर, तिच्याकडे पाठ नव्हे पण कूस करून, वर्तमानपत्र वाचीत बसे आणि उकडलेल्या कोंबडीची बारीक धांदोटी अधूनमधून तिच्या दिशेने टाकी. प्रथम ती मी खोलीबाहेर गेल्यावर खाई. मग मी असताना खाऊ लागली. मग तिची मान लांब लांब होऊन पुढे येई, परंतु मागचे दोन्ही पाय जागच्या जागी रोवलेले आणि पळण्यास सज्ज असत. पिल्लाचा विश्वास पाहावयाचा तो या मागच्या पायांत. मान पुढे येते ती घासाच्या मोहाने, आणि त्या मोहाने फार जवळ ओढलेले पिल्लू घास संपताच भानावर येऊन दचकते. म्हणून या टप्प्यावर घास हातात धरून बोलावण्याऐवजी तो पिल्लाच्या पलीकडे, आपल्यापासून दूर टाकावा. दूर जाऊन खाल्ल्याने त्याचा ताण उतरतो, आणि मग ते जे परतून येते ते स्वतःच्या मर्जीने येते. चिंगी एके सकाळी मागच्या पायांसकट पुढे आली, माझ्या गुडघ्याचा दीर्घ वास घेतला आणि परत दिवाणाखाली गेली. मी हात लावला नाही. हात लावण्याचा मोह त्या क्षणी अनावर होतो, आणि तो आवरणे हेच त्या क्षणीचे काम असते. डोक्यावरून हात फिरविणे हे आपल्याला वात्सल्याचे लक्षण वाटते, पण वरून येणारा हात पिल्लाला धाकाचा वाटतो; स्पर्श करावयाचा तो छातीशी किंवा कानामागे, दोन-तीन क्षण, आणि मग थांबून ते आणखी मागते काय हे पाहावे.

याच्या नेमकी उलट दिशेची समजूत अशी, की घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतले, त्याच्याशी मृदू बोलले, तर त्याच्या भित्रेपणाला उत्तेजन मिळते. हे शास्त्राला धरून नाही. बसणे, पंजा देणे या क्रिया आहेत आणि त्यांना बक्षिसाने उत्तेजन देता येते. भय ही भावना आहे, आणि आधार मिळाल्याने ती वाढत नाही, उतरते. ढगांच्या गडगडाटात पिल्लू आपण होऊन मांडीत शिरले, तर त्याला खुशाल थारा द्यावा. कोलकात्याच्याच संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले, की अनोळखी माणसाने वारंवार खाऊ देण्यापेक्षा वारंवार कुरवाळल्याने रस्त्यावरील कुत्र्यांचा त्याच्यावर अधिक विश्वास बसला. आपल्या रस्त्यांवरचे हे गावठी कुत्रे माणसाच्या ममतेचे किती भुकेले आहे, हे यावरून कळते.

“पहिल्यापासून वचक बसवला पाहिजे, नाहीतर डोक्यावर चढेल” ही समजूत तर घरोघरी आहे. तिचे मूळ पुष्कळ अंशी रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर केलेल्या आणि १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत आहे. परस्परांशी नाते नसलेले लांडगे बंदिस्त जागेत एकत्र कोंडल्यामुळे त्यांच्यांत जी झुंज लागली, तीच लांडग्यांची नैसर्गिक समाजरचना मानली गेली. या कल्पनेचा प्रसार ज्यांच्या ग्रंथानेही झाला, त्या डेव्हिड मेक यांनीच पुढे, १९९९ साली, मोकळ्या रानातील लांडग्यांच्या अभ्यासावरून स्पष्ट केले, की रानातील कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची संतती यांचे कुटुंब असते. लांडग्यांविषयीच जी कल्पना टिकली नाही, तिच्या आधारावर सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला उताणे दाबून धरणे, फरशीवर झालेल्या मूत्रात त्याचे नाक घासणे किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी उगारणे याला काय समर्थन उरते? झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावे, तेथे विधी झाला की लगेच घास द्यावा, आणि चुकून घरात झाले तर मुकाट्याने पुसून घ्यावे. गुरगुरण्याबद्दलही शिक्षा करू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. ती दडपलेले कुत्रे पुढे सूचनेवाचून चावते.

आहाराविषयी थोडक्यात सांगतो. शेजारच्या काकूंचा “अहो, दूध-पोळी घाला की त्याला” हा आग्रह मायेचा असला, तरी गाईम्हशीच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना हगवण लागते. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि दुग्धशर्करा कमी असते. शिवाय दूध सुटू लागले की ती शर्करा पचविण्याची पिल्लाची शक्तीही घटत जाते. नुसता भात आणि कोंबडी यांनी पोट भरते, पण वाढत्या हाडांना लागणारे कॅल्शियम मिळत नाही. म्हणून पिल्लांसाठीचे तयार खाद्य पाण्यात भिजवून, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला जाऊ देऊ नये. टम्म फुगलेले पोट हे बाळसे नसून बहुधा जंतांचे लक्षण असते. गोलकृमी आईच्या गर्भातूनच पिल्लात येतात, म्हणून पशुवैद्याकडून जंताचे औषध सुरुवातीलाच द्यावे, आणि ते कृमी माणसालाही बाधत असल्याने मुलांना हात धुण्याची शिस्त लावावी.

आता बाहेर नेण्याचा प्रश्न. एक पक्ष म्हणतो, सर्व लसी पूर्ण होईतो पिल्लाने उंबरठा ओलांडू नये. दुसरा म्हणतो, रस्त्यावरचेच पिल्लू ते, त्याला काय होते! दुसऱ्या पक्षाचे मत प्राणघातक आहे. पार्व्हो हा १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला विषाणू रक्ती हगवण आणि उलट्या यांनी चार दिवसांत पिल्लाचा प्राण घेऊ शकतो. तो जमिनीत महिनोन् महिने टिकतो, आणि आपल्या नित्याच्या फिनाइलने मरत नाही. त्याला ब्लीचचे द्रावणच लागते. म्हणून नवे पिल्लू घरातील कुत्र्यापासून सुमारे दोन आठवडे वेगळे ठेवावे, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लसी टोचून घ्याव्यात. परंतु पहिल्या पक्षाचा सल्ला शब्दशः पाळला, तर लस पूर्ण होईतो माणसाळण्याची मुदतच संपून जाते. अमेरिकेतील वर्तनविषयक पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली म्हणूनच सांगितले, की पहिल्या लशीनंतर किमान सात दिवसांनी पिल्लाला सुरक्षित ठिकाणी नव्या अनुभवांची ओळख सुरू करून द्यावी. जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन गच्चीत, जिन्यात, सोसायटीच्या फाटकापर्यंत न्यावे. रिक्षा, छत्री, शाळेतून सुटलेली मुले, भाजीची गाडी हे सर्व दुरून पाहू द्यावे. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा यांच्या आवाजाबरोबर घास पडावा. हिवाळी पिल्लांच्या वाट्याला नेमक्या या नाजूक वयात दिवाळीचे फटाके आणि लग्नाचे बँड येतात. त्या रात्री आतली खोली, बंद खिडक्या, चालू पंखा आणि आपला सहवास एवढे तरी त्यांना लाभू द्यावे.

लसींच्याच संदर्भात आणखी एक गोष्ट भावनेला बाजूला सारून सांगितली पाहिजे. “दुधाचे दात, त्यांनी काय होतंय” असे म्हणून पिल्लाचा दंश दुर्लक्षिला जातो. रस्त्यावरून आलेल्या, लस न टोचलेल्या पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज जवळजवळ नाहीच. दात किंवा नख लागून ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना, तिखट असले काही भरू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही धास्ती अजून जिवंत आहे, परंतु ती पद्धत आपल्याकडे केव्हाच बंद झाली. आता मोजक्याच मात्रा दंडात टोचतात. पिल्लालाही तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी. भित्र्या पिल्लाबाबत हे विशेष लक्षात ठेवण्याचे कारण असे, की कोंडीत सापडल्यास चावण्याचा संभव त्याचाच अधिक.

फॉस्टर होऊ इच्छिणारे पुष्कळ लोक शेवटी मागे सरतात ते एका समजुतीने. पिल्लाला आपला लळा लागेल, मग त्याला दुसऱ्याकडे देणे म्हणजे त्याचा विश्वासघात होय, असे त्यांना वाटते. ही भावना मला परकी नाही, आणि तिच्याविषयी मला आदरच आहे. पण पुरावा निराळे सांगतो. मार्ता गाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंगेरीतील आश्रयगृहांतील प्रौढ कुत्र्यांवर केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. एका नव्या व्यक्तीच्या अवघ्या तीन अल्पशा सहवासांनंतर त्या कुत्र्यांत तिच्याविषयी आसक्तीची लक्षणे दिसली. अमेरिकेत २०१९ साली लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी आश्रयगृहांतील कुत्र्यांना एक-दोन रात्री घरी ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या शरीरातील ताणाचे संप्रेरक घरी असताना घटले, आणि परतल्यावर ते पूर्वीच्या पातळीहून वर गेले नाही. एकदा माणसावर विश्वास ठेवण्यास शिकलेले कुत्रे तो दुसऱ्या माणसावरही ठेवू शकते. त्याला तो पहिला माणूस भेटणे अवश्य असते. विरहाचे दुःख बहुतांशी आपल्याच वाट्याला येते, आणि ते पिल्लाच्या नावावर खर्ची घालून त्याला घरी आणण्याचे नाकारणे योग्य नव्हे, कारण मग ते पिल्लू वाहनतळातच राहते.

हस्तांतराच्या वेळी, “फुकट द्यायचं, त्यात चौकशी कसली?” असा सूर निघतो. चौकशी जरूर करावी. घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे काय, घरातील सर्वांची मर्जी आहे काय, दिवसभर कोण असते, गच्चीला आणि खिडक्यांना जाळी आहे काय, हे स्वतः जाऊन पाहावे. ओळखपत्राची प्रत आणि सहीचे संमतीपत्र घ्यावे, त्यात लसीकरण व निर्बीजीकरण करून घेण्याची कबुली असावी. घेणाऱ्याला पिल्लाची भीती लपवून ते ‘अगदी शांत’ आहे असे सांगणे ही फसवणूक होय. ते कशाला दचकते, कोणत्या घासाला भुलते, कोणाला अधिक बुजते, हे सर्व लिहून द्यावे. नव्या घरातील पहिल्या काही आठवड्यांत निसटून जाणारी कुत्री बहुधा अशीच बुजरी असतात, म्हणून गळपट्ट्याच्या जोडीला हार्नेस असावा, दोन्हींना स्वतंत्र पट्टे बांधावेत, आणि दार उघडण्यापूर्वी ते धरलेले असावेत. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक असावा. वापरातले अंथरूण न धुता बरोबर द्यावे, आणि खाद्य पहिले काही दिवस तेच ठेवण्यास सांगावे. प्राण्याला उपासमार घडेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, याची जाणीव घेणाऱ्याला दिलेली बरी. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा अधिक उपयोगी असे एक कलम त्या संमतीपत्रात आवर्जून घालावे, की कोणत्याही कारणाने पिल्लू ठेवणे अशक्य झाले, तर ते तिसऱ्या कोणाच्या हवाली न करता ज्याच्याकडून आणले त्याच्याकडेच परत पोचवावे, मग त्याला महिना झालेला असो वा चार वर्षे.